कलर कॉपिअरचे अकरा महिने आणि हाय व्होल्टेजचा एक चिवट बिघाड

आमच्या कार्यालयात हे ए-३ आकाराचे कलर कॉपिअर येऊन अकरा महिने झाले आणि त्याच्या देखभालीची नोंदवही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. छपाईबद्दल तक्रारीला जागा नाही. अक्षरांच्या कडा स्वच्छ येतात, पाठपोट छपाई नीट जुळते आणि कागद क्वचितच अडकतो, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. सातव्या महिन्यात सुरू झालेल्या एका बिघाडाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्यापायी एक चांगला ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा तयार होते ते नळकांडे) विनाकारण बदलला गेला आणि त्याला उच्च दाबाची वीज पुरवणारा चांगला बोर्डही थोडक्यात बचावला.

सुरुवात साधी होती. सकाळच्या पहिल्या पाच-सहा प्रतींवर, विशेषतः हवा दमट असताना, पांढऱ्या जागेत फिकट गुलाबी झाक दिसायची आणि मशीन तापले की ती नाहीशी व्हायची. आम्ही कागदाला दोष देऊन नवे रिम उघडले. दोन आठवड्यांनी एक अख्खे पान गडद मॅजेंटा (किरमिजी गुलाबी) रंगाने भरून बाहेर आले आणि पाठोपाठ स्क्रीनवर हाय व्होल्टेजचा एरर कोड येऊन मशीन थांबले. बंद करून पुन्हा चालू केले की ते तासभर चालायचे, मग पुन्हा तोच कोड.

ते भरलेले पान मी जपून ठेवले, कारण निदानाचा खरा धागा त्यातच होता. या मशीनमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र ड्रम आहे. चार्ज रोलर ड्रमच्या पृष्ठभागावर काही शे व्होल्टचा ऋणभार चढवतो, लेसर जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि त्याच जागी टोनर, म्हणजे रंगाची बारीक पूड, चिकटतो. भार मुळात चढलाच नाही, तर मशीनच्या लेखी संपूर्ण पान छापायचेच असते. उलट डेव्हलपरचे (ड्रमवर टोनर चढवणाऱ्या भागाचे) व्होल्टेज गेले असते, तर तो रंग जवळपास उमटलाच नसता. ट्रान्सफरचे (टोनर ड्रमवरून कागदाकडे ओढून घेणाऱ्या भागाचे) गेले असते, तर पुसट उमटला असता. म्हणजे दोष मॅजेंटाच्या चार्जच्या वाटेवर होता, एवढे त्या एका पानाने सांगितले. (१९३८ मध्ये चेस्टर कार्लसन यांनी पहिली झेरोग्राफिक, म्हणजे विद्युतभाराच्या मदतीने कोरडी, प्रत काढली, तेव्हा गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर कापड घासून हाच भार चढवला होता. तिथे निदान कॉन्टॅक्ट खराब होण्याचा प्रश्न नव्हता.)

सर्व्हिस इंजिनिअरने पहिल्या भेटीत ड्रम युनिट बदलले. चार्ज रोलर त्याच युनिटमध्ये असल्यामुळे हा निर्णय अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्या ड्रमचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते आणि नवव्या दिवशी कोड परत आला. दुसऱ्या भेटीत हाय व्होल्टेज बोर्ड मागवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा मी एकच विनंती केली की आधी सायन (आकाशी निळा) आणि मॅजेंटाचे ड्रम युनिट आपसांत बदलून पाहावे. काळा सोडून तिन्ही रंगांची युनिट एकाच बनावटीची असल्याने हे पाच मिनिटांचे काम होते. दोष युनिटमध्ये असता, तर तो सायनच्या जागी गेला असता. पण कोड मॅजेंटाच्या जागेवरच ठाण मांडून बसला. आता उरले दोनच: बोर्ड, किंवा बोर्डापासून युनिटपर्यंतची वाट.

पुढचे सारे काम प्लग काढून, थोडा वेळ थांबून केले. चालू मशीनवर साधा मल्टिमीटर लावणे सपशेल चूक आहे, कारण चार्जचे व्होल्टेज हजाराच्या वर जाते आणि त्यासाठी वेगळा हाय व्होल्टेज प्रोब लागतो. दाराचा सेफ्टी स्विच दाबून ठेवून आत हात घालणे त्याहून वाईट. बंद मशीनमध्ये मात्र बोर्डाकडून येणारी वायर आणि युनिटला टेकणारी पिन यांच्यातली कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का, ते बिनधोक तपासता येते; जोड अखंड असेल तर मीटर वाजतो. बाकीच्या रंगांवर मीटर लगेच वाजला. मॅजेंटावर पिन कडेने दाबली की वाजे, सोडली की गप्प.

टॉर्च धरून पाहिले तेव्हा उलगडा झाला. हरभऱ्याच्या डाळीएवढे पिनचे टोक तपकिरी-काळे पडले होते, आणि ती ज्या प्लास्टिकच्या खोबणीत खालीवर सरकते तिच्यात टोनरची धूळ घट्ट बसली होती. बोटाने दाबलेली पिन वर येतच नव्हती. स्प्रिंग होती, पण तिला हलायला जागा नव्हती. त्या बारीकशा फटीतून ठिणगी उडत असणार, कारण कोड येण्याआधी काही सेकंद ऐकू येणारा चट्-चट् आवाज आम्ही गिअरचा समजत होतो. सकाळच्या दमट हवेत धुळीच्या थरातून थोडी गळतीही होत असावी.

खोबणी कोरड्या ब्रशने साफ केली, पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण वाळू दिली आणि स्प्रिंग नवी बसवली. चार्ज रोलरला मात्र अल्कोहोल लावले नाही. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही वापरू दिला नाही, कारण टोनरचे कण इतके बारीक असतात की ते फिल्टरमधून आरपार जातात.

माझी तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर फक्त सर्व्हिसला बोलावण्याची सूचना येते, कोणता रंग ते कळतच नाही. शिवाय ही पिन डेव्हलपर युनिटच्या थेट खाली ठेवली आहे, जिथे टोनर सांडणारच. ती चार बोटे बाजूला असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. म्हणून एरवी निःशंक पाच तारे दिले असते, तिथे चार देतो.

दुरुस्तीला साडेतीन महिने झाले, कोड पुन्हा आलेला नाही. पहिल्या भेटीत काढलेला ड्रम मी काळ्या पिशवीत उजेडापासून जपून ठेवला होता. तोच आता मॅजेंटाच्या जागी बसवला आहे आणि त्याच्या प्रती स्वच्छ येत आहेत.