सायनसचा सीटी स्कॅन : फुगवटा नेमका दाखवतो, कारण अर्धंच सांगतो

कपाळ हळूहळू पुढे येतंय आणि सायनस (कवटीच्या हाडातली हवेची पोकळी) नेहमीपेक्षा मोठा असल्याची शंका आहे, तर साध्या एक्स-रेवर थांबू नये. त्यात हाडं एकमेकांवर पडतात. भिंत पातळ झालीय का, हे कळत नाही. सीटीत कळतं, आणि इथे या तपासणीला पैकीच्या पैकी गुण. कपाळातल्या सायनससाठी १९८७ साली मांडलेली विभागणी आजही वापरतात : मोठा, पण हाडाच्या नेहमीच्या हद्दीतच राहिलेला तो हायपरसायनस, हद्द ओलांडून फुगलेला, पण भिंतीची जाडी शाबूत, तो न्यूमोसायनस डायलेटन्स, भिंत झिजलेली असेल तर न्यूमोसील. तिन्हींत आत हवाच असते. चिकट स्राव साठून फुगलेला असेल तर तो म्युकोसील, ते प्रकरणच वेगळं.

अट एकच, स्कॅन नीट काढलेला हवा. काप १ मिमी किंवा त्याहून पातळ, बोन विंडोत (हाड स्पष्ट दिसेल अशा मांडणीत), कोरोनल (समोरून) आणि सॅजिटल (बाजूने) दिशांसह. जाड कापांत कागदासारखी भिंत पुसली जाते आणि धड हाडाला भोक पडल्यासारखं वाटतं. नुसत्या फिल्मवर समाधान मानू नये, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल प्रत) मागून घ्यावी.

कारणाकडे वळलं की मात्र गुण उतरतात. सायनस नाकात उघडतो त्या तोंडाशी एकमार्गी झडप तयार होते, हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही, हा सर्वांत जास्त सांगितला जाणारा तर्क. सीटीत तोंडाजवळची सूज किंवा पॉलिप (अस्तराचा मऊ कोंब) दिसेल. झडप दिसत नाही, आणि पुष्कळदा तोंड चक्क मोकळं असतं. लहानपणी मेंदूची एक बाजू खुरटली असेल तर त्याच बाजूचा मोठा सायनस आणि जाड कवटी सीटीत छान दिसते. पण कारण अॅक्रोमेगाली (वाढीचं संप्रेरक जास्त स्रवण्याचा आजार) असल्याचा संशय आला तर आयजीएफ-१ या संप्रेरकाची रक्ततपासणी लागते.

खरा धोका स्फेनॉइड किंवा मागच्या एथमॉइड या नाकामागच्या खोल सायनसांच्या फुगवट्यात आहे. शेजारीच दृष्टीची नस, आणि तिथला मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, ऊती उठून दिसाव्यात यासाठीचं औषध) नसलेल्या सीटीत निसटू शकतो. नजर उतरत असेल तर कॉन्ट्रास्ट आणि फॅट सप्रेशनसह (चरबीची चमक दाबून) एमआरआय हवाच. कोन बीम सीटीत (दातांसाठी बरीच वापरली जाणारी, शंकूच्या आकाराच्या किरणांची सीटी) किरणोत्सर्ग बहुधा कमी असतो, पण मऊ ऊती जवळजवळ दिसतच नाहीत; या कामाला ती नको.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘प्रॉमिनंट सायनस’ (ठळक सायनस) लिहून दिलं असेल, तर भिंतीची जाडी, तोंड उघडं की बंद, आणि दृष्टीच्या नसेभोवतीचं हाड याबद्दल लेखी विचारावं.