लडाख की स्पिती? नागपूरहून निघणाऱ्यासाठी दोन उंच वाळवंटांची तुलना

माझा मावसभाऊ वर्ध्याला बँकेत आहे. वय ४४, बीपीची एक गोळी चालू, बायको त्याच्यापेक्षा तब्येतीने धडधाकट. गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनं टाकली आणि खाली लिहिलं, "दादा, कोणतं घेऊ ते सांग, बाकी तू लिहितो तसं लांबण लावू नको." एक लडाखचं नऊ दिवसांचं, दुसरं हिमाचलातल्या स्पितीचं दहा दिवसांचं. दोन्हींत गाइड, गाडी आणि मधे चार-पाच दिवसांची पायपीट. पैशांत फार फरक नाही. त्याच्या सासऱ्यांचं मत वेगळंच आहे: "काहून जाऊन राहिले बापा तिकडं? झाड नाही, पाला नाही. ऊनच खायचं तर वर्ध्यात काय कमी हाये?"

लांबण लावणार आहेच. मी दोन्हीकडे गेलोय, दोन्ही वेळा ग्रुपबरोबर, आणि पहिल्या वेळी चुकीच्या पद्धतीने.

फोटो बघून ठरवायचं असेल तर नाणं उडवा. दोन्हीकडे तोच पिवळा-तांबूस डोंगर, तेच निळंशार आकाश, नदीकाठी जवाचा आणि वाटाण्याचा हिरवा तुकडा, वर पांढरा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. दोन्ही प्रदेश हिमालयाच्या पाठीमागे आहेत आणि मोसमी ढग अलीकडेच रिकामे होतात. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लेहला जेमतेम शंभर. फरक देखाव्यात नाही. तुम्ही तिथे किती दिवसांत आणि कुठल्या रस्त्याने चढता, त्यात आहे.

चढण

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून पहाटेचं विमान पकडलं की सकाळच्या चहाच्या वेळेला तुम्ही तिथे असता आणि प्रत्येक श्वासात नेहमीच्या दोनतृतीयांशच प्राणवायू येत असतो. बॅग उचलून पायऱ्या चढलात की छाती धडधडायला लागते. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पुढच्या काही तासांत येतं. यात तुमचा व्यायाम फारसा उपयोगी पडत नाही. रोज अंबाझरीला चकरा मारणारा आडवा होतो आणि कधी सोफ्यावरून न उठलेला मजेत हिंडतो, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या लडाखच्या ग्रुपला लीडरने दुसऱ्याच दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड दाखवायला नेलं (तिकडे 'ला' म्हणजे खिंड). उंची ५,३५९ मीटर. "फक्त फोटो काढून परत," असं ठरलं होतं. वर ट्रॅफिक अडकलं, दीड तास तिथेच. त्या रात्री आमच्यातल्या एका बाईला लेहच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. लीडर बिचारा चोवीस वर्षांचा, सगळ्यांना खूश करायच्या नादात होता. राग त्याच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे, कारण कार्यक्रमपत्रिका महिनाभर माझ्या फोनमध्ये होती आणि मी त्यात फक्त हॉटेलं वाचली.

वाचायचं काय, तर झोपण्याची उंची. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच राहावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलेलं शरीराला तुलनेने चालतं, तेही आधी सवय झाल्यावर.

या कसोटीवर शिमल्याकडून केलेली स्पिती सरळ जिंकते. शिमला २,२०० मीटर, कल्पा २,९००च्या पुढे, नाको साधारण ३,६००, मग टाबो ३,२८० आणि स्पितीचं मुख्य गाव काझा ३,६५०च्या आसपास. नाकोहून टाबोला येताना उलट आपण उतरतो, तेवढीच शरीराला उसंत. काझाला पोचेपर्यंत चार-पाच रात्री झालेल्या असतात. आमच्या ग्रुपमधल्या बासष्ट वर्षांच्या काकूंनी काझाला पोचल्या दिवशी धुणं धुतलं.

पण भावा, तुझं स्पितीचं कोटेशन मनालीहून सुरू होतंय. मनाली दोन हजार मीटर, तिथून ४,५५० मीटरचा कुंझुम ला ओलांडून त्याच दिवशी काझा. ही विमानाचीच चूक, फक्त चाकांवर. त्यांना सांग की फेरी उलटी करा: शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा. गावं तीच, पैसे तेच.

लडाखलाही असाच सज्जन रस्ता आहे. श्रीनगर, कारगिल (२,७०० मीटरच्या आत), लामायुरू, लेह. झोजिला आणि फोतू ला लागतात, पण ते ओलांडून आपण खाली झोपतो. याउलट मनाली-लेह रस्त्याने चढताना सरचूला तंबूत मुक्काम असेल तर तो ४,२०० मीटरच्या वर असतो, मनालीहून एका दिवसात. जिस्पाला रात्र काढणारा आयोजक त्यातल्या त्यात शहाणा. लडाखला विमानानेच जायचं असेल तर पहिले दोन दिवस लेहमध्ये काहीही न करता काढायची तयारी ठेवा. आपल्या लोकांना हेच जमत नाही, पैसे भरलेत ना.

पायपीट

इथे पारडं लडाखकडे झुकतं. मार्खा खोऱ्यातला ट्रेक हा खरा ट्रेक. चिलिंगजवळून सुरुवात, मग स्किऊ, मार्खा, हांकर अशी गावं, प्रत्येक ठिकाणी लोकांच्या घरात मुक्काम. नदी वळणावळणाने आडवी येते आणि बूट काढून तिच्यातून जावं लागतं. पाणी इतकं गार की पाय आपले आहेत की नाहीत तेच कळत नाही. सामान घोड्यांवर. शेवटी निमालिंगचं कुरण, ४,८०० मीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी ५,२०० मीटरच्या वरचा कोंगमारू ला. खिंडीवरून मागे कांग यात्से शिखर दिसतं, पुढे सिंधूच्या दिशेने नुसते डोंगरच डोंगर.

यात एक खोच आहे. हांकर चार हजार मीटरच्या आसपास आणि निमालिंग एकदम ४,८००. मधे थाचुंगत्सेला थांबायला जागा आहे, पण एक दिवस वाचवायला अनेक जण ती गाळतात. तुझ्या लडाखच्या कोटेशनातही ती नाही. दिवस वाढवून माग.

स्पितीतली पायवाट वेगळ्या जातीची आहे. लांगझा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग, धनकर: एका गावातून दुसऱ्या गावात, होमस्टे टू होमस्टे. तंबू नाही, मोठी खिंड नाही, नदीत उतरणं नाही. सुरुवात मात्र उंचावर होते. लांगझा ४,४०० मीटर, कोमिक त्याहून वर, आणि मग हळूहळू उतार. म्हणून आधी काझात दोन रात्री हव्यातच. लांगझाच्या शेतांजवळ दगडांत शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, कारण हा डोंगर कधीकाळी टेथिस समुद्राचा तळ होता. गावातली पोरं ते विकायला पुढे करतात. घेऊ नका, तिथेच राहू द्या. शेजारच्या हिक्किमला ४,४०० मीटरवर पोस्ट ऑफिस आहे, तिथून मी वर्ध्याला कार्ड टाकलं होतं. ते मी परतल्यावर पोचलं.

ज्याला "मी एक पाच हजारी खिंड पायी ओलांडली" असं म्हणायचंय त्याने मार्खा घ्यावा. ज्याला चालायचंय, पण संध्याकाळी चुलीजवळ बसून कुणाशी बोलायचंय, त्याने स्पिती.

गाडी

चिखलदऱ्याच्या घाटात ज्याला उलटी होते त्याने हे नीट वाचावं. लडाखचे मुख्य रस्ते एकूण चांगले आहेत, सीमा रस्ते संघटनेचे. स्पितीला शिमल्याकडून जाताना किन्नौर जिल्ह्यात कडा कोरून काढलेला रस्ता आहे, खाली सतलज, आणि परतीला काझा ते ग्रामफू हा टप्पा. लोसर गावाच्या पुढे रस्ता म्हणजे दगडगोटे आणि त्यांवरून वाहणारे नाले. दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि हेच नाले फुगतात, म्हणून काझातून पहाटे निघायचं. गाइड पाचला उठवत असेल तर त्याला शिव्या देऊ नका. एकदा अटल बोगद्याला लागलात की मनाली जवळच.

लडाखला बाहेरच्या राज्यातली टॅक्सी लेहपर्यंत सोडू शकते, पण तिथलं फिरणं स्थानिक टॅक्सीनेच, हा तिथल्या युनियनचा नियम. कोटेशनमध्ये ती धरली आहे की नाही ते विचारा, नाहीतर पँगाँगचा खर्च वेगळा निघतो. फोनचंही तसंच: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये बंद पडतं, पोस्टपेड लागतं. स्पितीत ही अडचण नाही, रेंज मात्र काझाबाहेर नशिबावर.

दवाखान्याच्या बाबतीत लेह बरंच पुढे आहे. मोठं रुग्णालय, आणि गरज पडली तर दिल्लीचं विमान. काझात सरकारी रुग्णालय आहे, पण गंभीर काही झालं तर खाली न्यायला अख्खा दिवस जातो. बीपीवाल्या माणसासाठी हा मुद्दा छोटा नाही. चढण सौम्य असलेली स्पिती की दवाखाना जवळ असलेलं लडाख, याचं उत्तर मी देणार नाही, तुझे डॉक्टर देतील. उंचीची गोळी घ्यायची का तेही त्यांनाच विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांग.

गोम्पा आणि जेवण

लडाखला गोम्पे मोठे आणि पुष्कळ: ठिकसे, हेमिस, आल्ची. स्पितीत मला टाबोने धरून ठेवलं. सन ९९६ मध्ये उभा राहिलेला, बाहेरून मातीचा साधा ढिगाऱ्यासारखा, आत भिंतीभर चित्रं आणि मूर्ती. फोटोला बंदी, त्यामुळे लोक खरोखर बघतात. आमच्यात नागपुरातल्या इंदोऱ्याच्या एक बाई होत्या, दरवर्षी दीक्षाभूमीला पायी जाणाऱ्या. त्या अंधारात उभ्या राहून हलक्या आवाजात त्रिशरण म्हणू लागल्या. तिथला म्हातारा लामा त्यांचं पाली ऐकत थांबला, मग त्याने त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. दोघांनाही एकमेकांचं कळलं नसावं. बाई बाहेर आल्या तेव्हा खूप वेळ बोलल्या नाहीत.

जेवणाचं थोडक्यात: थुकपा, मोमो, डाळभात, लोणी-मिठाचा चहा. सावजीची जीभ घेऊन जाणाऱ्याने ठेच्याची बाटली न्यावी. आमची तिसऱ्या दिवशी संपली, होमस्टेवालीनेच अर्धी खाल्ली.

कधी

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पोरांना घेऊन जूनमध्येच निघायचं असेल तर लडाख घ्या, कारण कुंझुम तोवर नुकताच उघडलेला किंवा उघडायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती स्वतः कोरडी असते, पण तिथे नेणारा किन्नौरचा रस्ता पावसात असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड बसवर कोसळली ती याच रस्त्यावर. लडाखही अगदी निर्धास्त नाही, ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने गाळात घातलं होतं. दोघंच असाल तर सप्टेंबर. नाले उतरलेले, जव कापणीला आलेला, गर्दी ओसरलेली.

आणि उन्हाबद्दल सासऱ्यांना सांग: वर्ध्याचं ऊन हवेत असतं, तिथलं फक्त अंगावर. सावलीत स्वेटर, उन्हात दोन पावलं टाकली की कातडी सोलते. आपण मे महिन्यात बांधतो तसा दुपट्टा आणि टोपी न्यायची, खिशात कांद्याऐवजी सनस्क्रीन.

डॉक्टर हो म्हणाले तर तुझ्यासाठी माझं मत स्पिती, शिमल्याकडून, काझात दोन रात्री पक्क्या करून. बायकोला मार्खा हवा असेल तर तिला पुढच्या वर्षी एकटीला पाठव, ती जमवेल. निघायच्या आधीचे दोन महिने रामटेकच्या गडाच्या पायऱ्या दर रविवारी दोनदा, पाठीवर पाच किलो घेऊन. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची दिल्लीची गाडी हवी असेल तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैच्या सुरुवातीला. सकाळी आठला बुकिंगला बस.