सामुदायिक मानसिक आरोग्याचा प्रगत अभ्यासक्रम : बडोद्यातून काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात खासगी व्यवसाय करताना सामुदायिक काम म्हणजे अधूनमधून एखादे शिबिर, एवढीच माझी समजूत होती. मनोविकारतज्ज्ञांसाठीचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून डभोई आणि छोटा उदेपूरकडील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो काही महिने वापरल्यावर हे लिहीत आहे.

सुरुवातीचा इतिहास कंटाळवाणा आहे. १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, जिल्हा पातळीवर तो राबवून पाहणारा कर्नाटकातील बेल्लारीचा प्रयोग, १९९६पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे सारे एम.डी.च्या परीक्षेसाठी आपण पाठ केलेलेच असते. खरा उपयोग झाला तो पर्यवेक्षणाच्या, म्हणजे प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना मार्गदर्शन करण्याच्या, भागाचा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सामान्य मानसिक विकार (नैराश्य, चिंता यांसारखे) असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. त्यामुळे तज्ज्ञाने स्वतः किती रुग्ण तपासले यापेक्षा त्याच्यामुळे वैद्यकीय अधिकारी किती रुग्ण नीट तपासू लागले, याला महत्त्व येते. झोप न येणाऱ्या प्रत्येकाला अल्प्राझोलाम ही सवय लावू शकणारी गोळी लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याला व्याख्यान न देता त्याच्याच आठवड्यातील दोन रुग्णांवर त्याच्याशी बोलावे, ही पद्धत मला येथे मिळाली, आणि तिचा परिणाम चिठ्ठ्यांवर दिसू लागला आहे.

कायद्याचे प्रकरणही नेमके आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४नुसार जिवाला धोका असलेल्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाला निर्णयात साहाय्य करणारी नेमलेली व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो (विजेचे झटके देण्याचे उपचार मात्र नाहीत). हे समजल्यावर रुग्णाला हात न लावताच शहराकडे पाठवण्याची घाई बरीच कमी झाली.

उणिवा मोठ्या आहेत. उदाहरणे बहुतांश दक्षिणेकडील आणि सारे साहित्य इंग्रजीत असल्यामुळे आशा कार्यकर्त्यांसाठीची माहिती मला परिचारिकांच्या मदतीने गुजरातीत नव्याने बसवावी लागली. भुव्याकडे (गावातील मांत्रिकाकडे) आधी जाणाऱ्या कुटुंबांविषयी जेमतेम एक परिच्छेद आहे. उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यातील प्रार्थनेच्या जोडीने औषधोपचार देणारा ‘दवा-दुआ’ उपक्रम गुजरातमध्येच असताना त्याचा उल्लेखही नसावा, हे खटकते. औषधपुरवठ्याबद्दलही मौनच आहे. रिस्पेरिडोन हे तीव्र मनोविकारावरील औषध सुरू करून पुढच्या महिन्यात ते केंद्रात संपले, तर रुग्ण परत कशाला येईल?

केवळ प्रमाणपत्रासाठी शुल्क भरू नये. किमान एका तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलणे झालेले असेल, तरच नाव नोंदवावे. कारण साप्ताहिक चर्चेत मांडायला स्वतःच्या क्षेत्रातील रुग्ण नसतील, तर अर्धा अभ्यासक्रम नुसता ऐकण्यात जातो.