‘तुमचा फोटो निवडला गेला आहे’ : आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नावाखाली चालणारी लूट

कोल्हापूरच्या एका वेडिंग फोटोग्राफरने जोतिबाच्या चैत्र यात्रेतला, गुलालात न्हालेल्या सासनकाठ्यांचा फोटो युरोपातल्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेला पाठवला. एका कॅटेगरीची फी ३० युरो. अपलोड होताच साइटने सुचवलं, हाच फोटो ‘ट्रॅव्हल’, ‘पीपल’ आणि ‘कल्चर’मध्येही टाका. चार कॅटेगरीचे १२० युरो झाले. शेवटच्या तारखेला ‘अखेरची संधी’ असा मेल आला, मग मुदत वाढल्याचा, मग पुन्हा वाढल्याचा. निकाल लागला तेव्हा पठ्ठ्या चारही कॅटेगरीत ‘नॉमिनी’! व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस, गावच्या पेपरात बातमी. खरा खर्च इथून पुढे सुरू झाला.

छापील सर्टिफिकेट ४५ युरो. वार्षिक पुस्तकात एक पान ८५. ट्रॉफी १५०, तिचं कुरिअर ४०. प्रदर्शनात फोटो लावायचा तर ३००. आधीची फी धरून ७४० युरो, वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर जीएसटी. ट्रॉफी ॲक्रिलिकची निघाली, तीही कस्टम ड्युटी भरून सोडवावी लागली. पुस्तक म्हणजे पीडीएफ. आणि प्रदर्शन? एका भाड्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या पडद्यावर स्लाइड शो, प्रत्येक फोटोला जेमतेम काही सेकंद.

या धंद्याचं गणित साधं आहे. पंचवीस कॅटेगऱ्या, त्यात प्रोफेशनल आणि हौशी असे दोन गट, प्रत्येक गटात गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, ‘ऑनरेबल मेन्शन’ आणि खाली नॉमिनींची न संपणारी यादी. जितके जिंकतील तितकी गिऱ्हाइकं. त्यामुळे साइटवरची मागच्या वर्षीची निकालाची यादी उघडा आणि नावं मोजा. एकाच कॅटेगरीत शंभरावर नावं दिसली, तर सावध व्हा.

एन्ट्री फी आहे म्हणून स्पर्धा खोटी, असा निष्कर्ष मात्र काढू नका. १९५५ पासून चालत आलेल्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ला आणि ‘सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स’ला फी नाही, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ प्रौढांकडून फी घेते, आणि तिन्ही खऱ्या आहेत. फरक निकालानंतर कळतो. खरी स्पर्धा निवडलेल्या फोटोग्राफरकडे पैसे मागत नाही, रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाईल) मागते. २०१७ च्या वाइल्डलाइफ स्पर्धेत जिंकलेला मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष म्युझियमने तज्ज्ञांकडून तपासून काढला. निकाल लागल्यावरही इतकी छाननी होते. लुटारू स्पर्धा एक तर रॉ कधीच मागत नाहीत, नाहीतर पहिल्या अपलोडलाच पूर्ण रिझोल्यूशनची फाईल मागतात. दुसरा प्रकार जास्त घातक आहे. पहिल्या फेरीला सहसा लांब बाजू दोनेक हजार पिक्सेलची जेपीईजी पुरते. त्याहून मोठी फाईल कशासाठी हवी, हे आधी लेखी विचारा.

आता नियमांचं पान, जे कुणी वाचत नाही आणि जिथे सगळ्यात मोठं नुकसान होतं. ‘पर्पेच्युअल’, ‘इरिव्होकेबल’ आणि ‘सबलायसेन्स’ हे शब्द त्यात शोधा. तिन्ही एकत्र असतील तर तुमचा फोटो आयोजक कायमचा वापरू शकतात, परवानगी मागे घेता येत नाही, आणि तो वापरण्याचा हक्क तिसऱ्याला विकताही येतो. परवानगी ‘स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरती’ आणि ठरावीक वर्षांपुरती असली पाहिजे. त्याच पानावर ‘इंडेम्निफाय’चं कलम असतं : फोटोतल्या माणसाने दावा केला तर खर्च तुमचा. वेडिंगवाल्यांनी हे दोनदा वाचावं. नवरीचा फोटो तिची मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी संमती, न घेता पाठवला आणि तो पुढे एखाद्या जाहिरातीत झळकला, तर जाब तिच्या घरचे तुम्हाला विचारणार, परदेशातल्या आयोजकाला नाही.

‘फियाप’ या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा लोगो छापलेला असेल तर पेट्रनेज क्रमांक (त्याच्या मान्यतेचा क्रमांक) मागा आणि तो फियापच्या स्वतःच्या साइटवर तपासा. नुसता लोगो कुणीही चिकटवतो. ज्युरीतल्या दोघातिघांना त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मेल करून विचारा की तुम्ही खरंच परीक्षक आहात का. साइटचं डोमेन (वेब पत्ता) कधी नोंदलं गेलं ते हूइज या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर दिसतं. ‘पंधरावं वर्ष’ म्हणणाऱ्यांचं डोमेन आठ महिन्यांचं असेल तर पुढे जाऊ नका. बक्षिसाची रक्कम पाठवण्याआधी ‘टॅक्स’ किंवा ‘ट्रान्सफर चार्ज’ मागितला, तर ती सरळसरळ चोरी आहे. पासपोर्टची प्रत मागितली तरी सावध व्हा.

पैसे गेले असतील तर आधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा आणि कार्ड बदलून घ्या. परदेशी पेमेंट गेटवेवर बऱ्याचदा ओटीपी लागत नाही, त्यामुळे साठवलेल्या कार्डावरून पुन्हा रक्कम कापली जाऊ शकते. मग बँकेत चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम परत मिळवण्याचा, अर्ज द्या. मुदत साधारण १२० दिवसांच्या आसपास असते, पण बँकेला विचारून घ्या. पेपॅलने पैसे भरले असतील तर डिस्प्यूट १८० दिवसांत उघडावा लागतो. १९३० वर फोन करून सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा. पैसा देशाबाहेर गेला असला तरी तक्रारीचा क्रमांक बँकेच्या अर्जाला जोडता येतो. अर्जात नुसतं ‘फसवणूक झाली’ लिहिलं तर बँक म्हणते, पैसे तुम्हीच भरलेत. त्याऐवजी काय कबूल केलं होतं आणि काय मिळालं, ते समोरासमोर मांडा : छापील पुस्तकाचं पान दाखवणारा स्क्रीनशॉट आणि शेजारी आलेली पीडीएफ, प्रिंटच्या प्रदर्शनाची जाहिरात आणि शेजारी टीव्हीचा फोटो. हे स्क्रीनशॉट साइट चालू असतानाच तारखेसकट काढून ठेवा. पुढच्या सीझनला तेच लोक नवं नाव लावतात आणि जुनी पानं गायब होतात.