विंडोज ११ वर गेल्यावर वाय-फायने दिलेला ताप: सात महिन्यांनंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दिवाळी आटोपल्यावर मी लॅपटॉप विंडोज ११ वर नेला. अमळनेरात घरूनच दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो, त्यामुळे जुन्यावर अडून बसणं परवडणारं नव्हतं. अपग्रेड सुरळीत झालं. दिसायला छान, प्रिंटरही चालला.

मग २० नोव्हेंबर उजाडला. थ्रीबी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, त्याचा शेवटचा दिवस. दुकानदाराला फोन लावून ओटीपी विचारला, तो टाकायला वळलो तर वाय-फाय गायब. आलं, परत गेलं. ओसरीतून आईने विचारलं, "नेट गयं का रे?" गयं नव्हतं, तिच्या मोबाइलवर त्याच वाय-फायवर कीर्तन चालू होतं. म्हणजे राउटर ठीक, घोळ लॅपटॉपचाच.

दुरुस्तीवाल्याने न उघडताच वाय-फायचं "कार्ड गेलं" सांगून डाँगल (बाहेरून यूएसबीला लावायचं वाय-फाय) गळ्यात मारलं. यूट्यूबवरच्या सल्ल्यांपैकी 'नेटवर्क रीसेट' मी उत्साहाने केलं आणि पस्तावलो. त्याने सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उडतात. मी दुकानोदुकानी जाऊन बसणारा माणूस. एका साडीवाल्या शेठला स्वतःचाच पासवर्ड आठवेना, शेवटी स्टुलावर चढून राउटर उलटा करून वाचला, तोही अर्धा पुसलेला. एवढं करून आजार तोच.

खरा धागा लाइट गेल्यावर मिळाला. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर, आणि वाय-फाय जास्तच तुटायला लागलं. तेही मी हात थांबवून फोनवर बोलत असलो की. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून वाय-फायचा अहवाल काढता येतो (आज्ञा: netsh wlan show wlanreport). गेल्या तीन दिवसांत कधी जोडलं, कधी तुटलं याचा आलेख येतो. माझं जवळजवळ प्रत्येक तुटणं बॅटरीवर असतानाचं निघालं. कार्ड मेलं नव्हतं, झोपत होतं.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, वाय-फाय कार्डाच्या प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण होती, ती काढली. (काही नव्या लॅपटॉपांत हा टॅबच दिसत नाही, तेव्हा शोधत बसू नका.) ड्रायव्हरही (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजने स्वतःचा साधा बसवला होता. जुना ड्रायव्हर परत आणणारं 'रोल बॅक' दाबावं तर बटण फिकट. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं आणि लॅपटॉपच्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर उतरवला. ही टेदरिंगची युक्ती लक्षात असू द्या, कारण नेट नसताना नेटचा ड्रायव्हर आणायचा कुठून?

तरी आतल्या खोलीत रेंज मरत होती. घर जुनं धाब्याचं, मातीची भिंत दोन हात जाड. रीसेटनंतर लॅपटॉप राउटरच्या दोन बँडांपैकी ५ गिगाहर्ट्झचा पकडत होता. तो जवळ वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. दुसरा, २.४ चा, संथ असला तरी भिंत ओलांडतो. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावं दिली आणि आतल्या खोलीसाठी २.४ ठेवला. रिटर्न भरायला तेवढा वेग पुरून उरतो.

तेव्हापासून तारखेच्या दिवशी एकदाही अडकलो नाही. झोपेतून उठवल्यावर मात्र अजूनही जोडायला पाच-सात सेकंद घेतो, विंडोज १० वर हे नव्हतं. आणि मार्चमध्ये एका मोठ्या अपडेटनंतर ती काढलेली खूण गुपचूप परत आलेली सापडली. आता दर १९ तारखेला संध्याकाळी आधी ती बघतो, मग वह्या उघडतो. डाँगल भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपला लावलंय, तिथे झकास चालतं.