दोन बनावट पोकेमॉन कॅसेट, २७३ डॉलर आणि हात वर करणारे सगळे

पोकेमॉनचे दोन जुने गेम: एमराल्ड आणि हार्टगोल्ड. पहिला गेमबॉय अॅडव्हान्सचा, दुसरा डीएसचा; दोन्ही निन्टेंडोची हातात धरून खेळायची यंत्रं. एमराल्डचे १४५ डॉलर, हार्टगोल्डचे ११०, टपालखर्च १८. एकूण २७३. दोन्ही कॅसेट बनावट निघाल्या आणि त्यातला एक डॉलरही परत आलेला नाही. जुने गेम शोधत असाल तर हे वाचा आणि मगच पैसे भरा.

“अधिकृत दुकानातून का नाही घेतलं?” असं विचारणाऱ्यांनी आधी ते दुकान दाखवावं. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, हे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलं. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेमयंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री बंद केली. मग उरतात सेकंडहँड विकणारे अनोळखी लोक. माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

आणि ज्याच्याकडून घेतलं तो विक्रेता अडाणी नव्हता, तेच सगळ्यात जास्त झोंबतं. कॅसेटमधली बॅटरी संपली तर सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, राहील का, असं मी विचारलं. त्याने अचूक सांगितलं: एमराल्डचा सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी फक्त घड्याळासाठी, ती संपली तर गेममधली बेरीची झाडं वाढायची थांबतात, गेम चालूच राहतो. इतकं नेमकं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल? आता कळतंय की हे कुणीही वाचून पाठ करू शकतो. विक्रेत्याला माहिती आहे म्हणून माल खरा ठरत नाही.

खरी मेख फोटोत होती. जाहिरातीतल्या एमराल्डच्या फोटोत, खऱ्या कॅसेटवर असतो तसा, लेबलवर दाबून उमटवलेला दोन आकडी क्रमांक स्पष्ट दिसत होता. माझ्या नावाची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो मागितला, तर त्यात लेबल सपाट. क्रमांक कुठे गेला? “उजेडामुळे दिसत नाही.” मग खालच्या कडेचा फोटो मागितला. खऱ्या कॅसेटमध्ये सोनेरी पट्ट्यांच्या वर, बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं आणि ते कॅसेट न उघडता वाचता येतं. तो फोटो आलाच नाही. आला तो मेसेज: दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, तासाभरात सांगा, आणि पैसे ‘मित्र व कुटुंब’ या पर्यायाने पाठवा, म्हणजे कमिशन कापलं जाणार नाही. तिथेच मी फसले! एक क्रमांकाची कॅसेट, एक बिनक्रमांकाची, दोन्ही माझ्यासमोर एकाच स्क्रीनवर होत्या. तासाची घाई केली ती मी त्या दोन फोटोंकडे पुन्हा बघू नये म्हणूनच. त्या पर्यायाने पैसे कधीही पाठवू नका. कमिशन वाचतं ते त्याचं, संरक्षण जातं ते तुमचं.

बनावट कॅसेट लगेच उघडी पडत नाही. एलिट फोरला, म्हणजे गेमच्या शेवटच्या चार बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना, हरवेपर्यंत सगळं सुरळीत होतं, मग सेव्हच उडाला. खरी एमराल्ड डीएसच्या खालच्या खाचेत घातली की पोकेमॉन डायमंड हा डीएसवरचा गेम तिला ओळखतो. हिला ओळखलं नाही. हार्टगोल्डला पोकेवॉकर (त्या गेमसोबतचं पावलं मोजणारं छोटं यंत्र) जोडला जाईना, कारण खऱ्या कॅसेटमध्ये असतं ते इन्फ्रारेड हिच्यात नव्हतंच. शेवटी एमराल्ड उघडली. तीन पात्यांच्या स्क्रूऐवजी साधा अधिक चिन्हाचा स्क्रू, आत चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा.

तक्रारीचं तर विचारूच नका. विक्रीच्या साइटने सांगितलं, तीस दिवसांची मुदत संपली. अहो, गेम संपेपर्यंत जो दोष दिसतच नाही तो तीस दिवसांत कसा कळवायचा? वर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागितलं. कोण देतं असलं प्रमाणपत्र? पैसे पाठवणारी कंपनी म्हणाली, हा खासगी व्यवहार आहे, आम्ही पडत नाही. पोलिसांनी आधी “गेमसाठी एवढे पैसे?” असं विचारलं, मग रक्कम लहान आहे, विक्रेता परदेशात आहे, साइटकडे जा. साइट म्हणते पोलिसांकडे जा. गुन्हा माझ्यावर झालाय आणि खुलासे मीच देतेय! खोटा माल विकणाऱ्याला एकानेही एक प्रश्न विचारलेला नाही. जाहिरातीची तक्रार केली तर उत्तर आलं, “नियमभंग आढळला नाही.” ती अजून तिथेच आहे, त्याच क्रमांकाच्या फोटोसह.

शक्य असेल तर कॅसेट समोर उघडून दाखवणाऱ्या दुकानातूनच घ्या. जाहिरातीतला फोटोच इंटरनेटच्या शोधात टाकून तो आधी कुठे वापरलाय का ते बघा. गेमबॉय अॅडव्हान्सला रीजन लॉक (दुसऱ्या देशातले गेम न चालू देणारं बंधन) नाही, त्यामुळे जपानी कॅसेटही चालते, पण तिचीही नक्कल होते. आणि नुकतीच ऑनलाइन घेतली असेल तर खेळत बसू नका. स्क्रू आजच काढा, बोर्डाचा फोटो घ्या आणि मुदतीच्या आत दावा टाका.