थांबायचं की निघायचं?

ऑस्ट्रेलियात वणवा जवळ आला की घरच्यांपुढे दोन वाटा असतात: थांबून घर वाचवायचं किंवा वेळीच निघायचं.

थांबण्यामागे तर्क आहे. पुष्कळ घरं ज्वाळांनी नव्हे, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. पन्हळीतला पाचोळा आधीच काढला, पाण्याची टाकी आणि डिझेलचा पंप तयार ठेवला (वीज हमखास जाते), तर धडधाकट माणसं ते निखारे विझवू शकतात. कित्येकांनी विझवलेही आहेत. पण 7 फेब्रुवारी 2009 ला मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला, संध्याकाळी वारा फिरला आणि वणव्याची लांबलचक बाजूच आघाडी बनली. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात 173 माणसं गेली, त्यांतली 113 घरांतच. हा आकडा वाचल्यावर कुणालाही 'थांबा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निघण्यात घर गमावण्याची भीती आहेच. शिवाय निघायचं ते धोक्याच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या रात्री. धूर अंगणात आल्यावर निघणं सर्वांत घातक: रस्ता दिसत नाही, झाडं आडवी पडतात, आगीची धग गाडीत शिरते. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर मी निघेनच. औषधं, कागदपत्रं आदल्या दिवशीच गाडीत.